हे परीक्षेत येणार आहे का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आत्या दर दिवाळीला विचारते, कॉलेजातल्या मैत्रिणी विचारतात, आणि परवा मी ज्यांच्या मुलाला गणित शिकवते त्या काकूंनीही विचारलं: "असले प्रश्न काढून तुला मिळतं काय? परीक्षेत तर येत नाहीत." इतके दिवस मी "सहजच" म्हणून विषय बदलत आले. सहज मुळीच नव्हतं, म्हणून आता नीट लिहिते.

असले प्रश्न म्हणजे कसले? हवाच नसती, तर एक किलोमीटरवरून सुटलेला पावसाचा थेंब जमिनीशी ताशी पाचशे किलोमीटरने पोचला असता. प्रत्यक्षात मोठ्यातला मोठा थेंबही सेकंदाला नऊ-दहा मीटरच्या पुढे जात नाही. मग "हवेचा रोध दुर्लक्षित करा" हे वाक्य कुठल्या गणितात चालतं आणि कुठल्यात चालत नाही, हे आम्हाला कोण सांगणार? किंवा ऋण गुणिले ऋण धन का? ब्रह्मगुप्ताने हा नियम 628 साली लिहून ठेवला आहे. मला शाळेत तो कर्जाच्या गोष्टीतून समजावला: कर्ज फिटलं की फायदाच झाला ना! पण कर्जाला कर्जाने गुणायचं म्हणजे काय करायचं, हे त्या गोष्टीत कुठेच येत नाही. 1 आणि −1 यांची बेरीज शून्य. तिला −1 ने गुणलं तरी शून्यच यायला हवं. कंस सोडवला की पहिला गुणाकार −1 येतो, म्हणजे दुसऱ्याला +1 झाल्यावाचून गत्यंतर नाही. एवढंच आहे. सातवीतल्या मुलाला हे कळतं, मी शिकवून पाहिलं आहे.

पण माझं म्हणणं खरं या प्रश्नांबद्दल नाही. ते पाण्याबद्दल आहे.

दहावीत अप्रकट उष्म्याचं, म्हणजे तापमान न वाढवता वितळण्यात-उकळण्यात खर्च होणाऱ्या उष्णतेचं, प्रात्यक्षिक असतं. चंचुपात्रात बर्फ घ्यायचा, खाली बर्नर, आत तापमापी. दर मिनिटाला तापमान लिहायचं आणि आलेख काढायचा. आमच्या टेबलावर पारा चढत चढत 98 ला आला आणि थांबला. पाणी खळाखळा उकळत होतं, वाफ येत होती, मी ज्योत मोठी केली तरी तो हलेना. मला आनंद झाला होता, हे मुद्दाम सांगते. उष्णता देत राहिलं तरी उकळत्या पाण्याचं तापमान वाढत नाही, हे पुस्तकातलं वाक्य माझ्या डोळ्यांसमोर खरं होत होतं. मी वहीत 98, 98, 98 लिहिलं आणि सरांना हाक मारली: "सर, हे 98 ला का थांबलं?"

सरांनी वही पाहिली. म्हणाले, "तापमापी खराब आहे, शंभर लिही." मी म्हटलं, शेजारच्या टेबलावरही 98 च येतंय. खरोखर येत होतं. त्यावर ते जरा मोठ्याने म्हणाले, "म्हणजे जगातलं पाणी शंभरला उकळतं आणि फक्त तुमचं अठ्ठ्याण्णवला, असं का?" वर्ग हसला. माझ्या जोडीदारणीने तेवढ्यात खोडरबराने आपले 98 पुसून शंभर केले. सरांनी लाल पेनाने माझे आकडे खोडले, वर 100 लिहिलं आणि सही केली. आलेखाची सपाट रेषा मला नव्याने शंभरवर काढावी लागली. जे मी पाहिलंच नव्हतं, त्याला दहापैकी दहा मिळाले.

त्यानंतर बारावी संपेपर्यंत मी वर्गात हात वर केला नाही. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीवरून? हो, एवढ्याशाच. मला बोलले याचं दुःख कधीच ओसरलं. डोळ्यांना दिसतंय ते खोडायचं आणि त्यालाच प्रयोग म्हणायचं, हे मात्र ओसरलं नाही.

उत्तर मिळालं ते आमच्या सोसायटीतल्या आजोबांकडून. ते वेधशाळेतून निवृत्त झालेले. मी आधी स्वतःच वाचून हवेच्या दाबापर्यंत पोचले होते: दाब कमी तर पाणी कमी तापमानाला उकळतं. पण पेपरात आमच्या पुण्याचा दाब हजाराच्या वर छापलेला, मुंबईच्या आसपासच. मग फरक कुठून येणार? मी तिथेच अडकले होते. आजोबा म्हणाले, "तो आकडा समुद्रसपाटीला आणलेला असतो गं." पुणं साधारण 560 मीटर उंचीवर आहे. वेधशाळेतल्या वायुभारमापकावर प्रत्यक्षात साडेनऊशे मिलिबारच्या आसपासच दाब दिसतो. नकाशावर समदाब रेषा, म्हणजे सारख्या दाबाची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, काढताना मुंबई-पुण्याची तुलना व्हावी, म्हणून त्यात उंचीचा हिशोब मिळवतात. साडेनऊशेला पाणी साधारण 98 अंशांना उकळतं. सिंहगडावर, 1300 मीटरवर, ते आणखी दोन-अडीच अंश आधी उकळेल. आणि हे कुणी कालपरवा शोधलेलं नाही. सेल्सियसने 1742 साली आपली मोजपट्टी मांडली, तेव्हाच उत्कलनबिंदू हवेच्या दाबाबरोबर बदलतो हे त्याने लिहिलं होतं.

आता सरांची बाजूही मांडते, कारण ती मला दिसते. तापमापी खराब असू शकते. शाळेतल्या स्वस्त तापमाप्या एखादा अंश सहज चुकतात, आणि एका पेटीतल्या दोन्ही सारख्याच चुकू शकतात. म्हणजे शेजारच्या टेबलाचा माझा दाखला वाटला तेवढा पक्का नव्हता. पण ते तपासता येतं! मी पुढे एक तापमापी विकत घेतली. वितळत्या बर्फात धरली, शून्य दाखवलं. दादरला मावशीकडे नेली, तिच्या गॅसवर पाणी उकळलं, पारा शंभराच्या रेघेला टेकला. तीच तापमापी पुण्यात 98. बर्फाचं चंचुपात्र तर त्या दिवशी आमच्या टेबलावरच होतं. तापमापी खराब आहे का, हे कळायला पाच मिनिटं लागली असती.

त्या वेळची मी म्हणते, ती पाच मिनिटं सरांनी द्यायलाच हवी होती. आताची मी विचारते, साठ मुलं, एक तास, सगळ्यांच्या वह्यांवर सह्या, त्यातली पाच मिनिटं कुणाची काढायची? ती पहिली मुलगी यावर गप्प बसत नाही. ती म्हणते, वेळ नव्हता तर "उद्या सांगतो" म्हणायचं, हसवायचं कशाला? याला माझ्याकडे उत्तर नाही.

याच गावात खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर राहत होते. स्वाक्षरी मागणाऱ्या शाळकरी मुलांना ते पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवायला सांगत आणि सहीनिशी उत्तर पाठवत. आयुका या इथल्या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यानं होतात, तिथे मुलं धडाधड प्रश्न विचारतात. त्याच मुलांना सोमवारी वर्गात विचारावंसं वाटत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. तिथे गुण नसतात म्हणून जमतं, असं मैत्रीण म्हणते. असेल. मग गुण असतील तिथे प्रश्नच नकोत का?

तर आत्या, मिळतं काय याचं उत्तर असं: पुस्तकातलं आणि हातातलं जुळेपर्यंत मला चैन पडत नाही, आणि जुळलं की दोन्ही माझी होतात. मुंबईचे 100 आणि पुण्याचे 98 एकाच नियमाचे आहेत, हे कळलं त्या दिवशी मला जे मिळालं ते दहापैकी दहामध्ये नव्हतं. शिकवणाऱ्याला खोटं पाडायला मी विचारत नाही. मला वाटतं, पुस्तकातलं आणि हातातलं का जुळत नाही, ही शंका सगळ्यांना असते आणि कुणी बोलून दाखवत नाही.

काकूंचा मुलगा यंदा दहावीला आहे. त्याचंही तेच प्रात्यक्षिक झालं, त्याचाही पारा 98 ला थांबला. वही सोमवारी द्यायची आहे. मी त्याला सांगितलं, रकान्यात दिसलं तेच लिही आणि खाली टीप दे: पुण्याची उंची, हवेचा दाब, त्या दाबाचा उत्कलनबिंदू. काकूंनी लगेच फोन केला: "आणि गुण कापले तर?" कापले तर कापले, असं माझ्या तोंडून निघेना. गुण त्याचे जाणार आहेत, माझे नाहीत. शंभर लिही, असंही मी म्हटलं नाही.