क्लस्टर हिरवा, उत्तरं दोन

दुपारी दवा बाजारातल्या एका होलसेलच्या काउंटरवरून फोन आला तेव्हा आमच्या क्लस्टरची, म्हणजे शोध चालवणाऱ्या मशीनच्या गटाची, स्थिती हिरवी होती: सगळं जागेवर. "अहो, ॲसिटामिनोफेन टाकलं की कधी पॅरासिटामॉलचा सगळा माल दिसतो, कधी शून्य. गिऱ्हाईक समोर उभं आहे, काय सांगू त्याला?" लगेच दुसऱ्या दुकानातून तीच तक्रार साल्ब्युटामॉल आणि अल्ब्युटेरॉलबद्दल आली. दोन्ही जोड्यांत औषध एकच, एक नाव इथलं, दुसरं अमेरिकन.

इंदूरच्या ठोक औषध विक्रेत्यांसाठी आम्ही हा शोध चालवतो. इलॅस्टिकसर्च (शोधाचं सॉफ्टवेअर) ७.१७, तीन नोड (मशीन), मुख्य इंडेक्सचे (नोंदींच्या साठ्याचे) तीन शार्ड, म्हणजे भाग, आणि प्रत्येकाची मूळ प्रत (प्रायमरी) सोडून एक रेप्लिका, म्हणजे जादा प्रत. बॅचवार साठा आणि बिलांच्या ओळीही त्यातच असल्यामुळे एकेक शार्ड साधारण २० जीबीचा आहे.

त्या दिवशी सकाळीच तिसऱ्या नोडची डिस्क गेली होती. नियमाप्रमाणे एक मिनिट वाट पाहून क्लस्टरने हरवलेल्या रेप्लिका उरलेल्या दोन नोडवर बांधायला हव्या होत्या. पण त्या दोन्ही डिस्क ८५ टक्क्यांच्या वर भरलेल्या, आणि त्या रेषेपुढे नवी रेप्लिका तिथे ठेवली जात नाही. म्हणून क्लस्टर पिवळा, म्हणजे काही रेप्लिका जागेवर नाहीत. मशीन पुरवणाऱ्यांनी नवा नोड उभा करून जोडला, तरी पिवळाच.

अशा वेळी लॉग चाळत बसण्यापेक्षा ॲलोकेशन-एक्स्प्लेनला विचारावं. शार्ड का बसत नाही, हे ते नोडगणिक सांगतं. इथे जुन्या दोन नोडवर कुठे डिस्कची मर्यादा, कुठे त्याच शार्डची प्रायमरी आधीच तिथे असणं. नव्या नोडपुढे मात्र, पाच प्रयत्न फसल्याने थांबलो, असं उत्तर होतं. खाली शेवटच्या अपयशाचं कारण: समानार्थी शब्दांची फाइल वाचता येत नाही. ही फाइल प्रत्येक नोडच्या कॉन्फिग फोल्डरात वेगळी ठेवावी लागते. क्लस्टर ती स्वतः पसरवत नाही. नव्या मशीनवर ती नव्हती. पुरवठादाराच्या माणसाने ती टाकली, शार्ड पुन्हा बसवण्याची रीरूट ही आज्ञा देताना फसलेले प्रयत्न पुन्हा करण्याचा पर्याय दिला, दोन्ही रेप्लिका बसल्या आणि हिरवा दिवा लागला. त्याने टाकलेली फाइल मूळ इन्स्टॉलेशनच्या गठ्ठ्यातली होती, म्हणजे जुनी. अमेरिकन नावांच्या जोड्या आम्ही नंतर घातल्या होत्या, त्या तिच्यात नव्हत्या.

हे आता सरळ दिसतं. फोन आला तेव्हा मात्र हाताशी फक्त लक्षण होतं: तोच शोध, दोन उत्तरं.

पहिला संशय नेहमीचा, रिफ्रेशचा, म्हणजे नव्या नोंदी शोधात दिसू लागण्याचा. प्रायमरी आणि रेप्लिका आपापल्या वेळी रिफ्रेश होतात, त्यामुळे नुकतीच आलेली नोंद क्षणभर एकीकडे दिसते, दुसरीकडे नाही. पण ही औषधं कित्येक महिने यादीत होती. दुसरा संशय गुणांकनाचा, म्हणजे निकालांचा क्रम ठरवणाऱ्या गुणांचा: पुसलेल्या नोंदी दोन प्रतींत वेगवेगळ्या वेळी साफ होतात, म्हणून क्रम थोडा हलतो. त्याने वरचं खाली जाईल, एकूण संख्या शून्य होणार नाही. मग शार्डगणिक आकडेवारी काढली. नोंदींची संख्या सारखी, सर्वांत मोठा सीक्वेन्स नंबर (बदलांचा अनुक्रमांक) आणि ग्लोबल चेकपॉइंटही (जिथवरचे बदल सगळ्या प्रतींत पोचले तो क्रमांक) सारखे. म्हणजे रेप्लिकेशनने आपलं काम चोख केलं होतं.

आता एकच शोध एकेका नोडकडून करून घ्यायचा. एरवी कोणती प्रत उत्तर देईल हे क्लस्टर नोडच्या वेगावरून आणि तिथल्या रांगेवरून ठरवतो, त्यामुळे गर्दीच्या वेळी उत्तरं जास्त उड्या मारतात. प्रेफरन्स (कोणत्या नोडला विचारायचं ते सांगणारा पर्याय) यात ओन्ली-नोड्स दिलं आणि त्या नोडवर एखादा शार्ड नसेलच, तर शोध चुकीचा म्हणून परत येतो. प्रेफर-नोड्स दिलं की तसं होत नाही. सोबत प्रोफाइल, म्हणजे शोध कसा चालला याचा अहवाल, चालू करायचं. त्यात कोणत्या नोडने उत्तर दिलं तेही कळतं आणि शोधाचं शेवटचं रूपही. पहिल्या नोडवर ते होतं सिनॉनिम आणि कंसात दोन्ही नावं. तिसऱ्या, म्हणजे नव्या, नोडवर नुसतं एक नाव, एकटं. ॲनालाइझ (मजकुराचे शब्द कसे पाडले जातात ते दाखवणारी आज्ञा) वापरून हे पकडायला जाल तर फसाल, कारण ते कोणत्याही चालू प्रतीवर चालतं आणि एकदा एक, एकदा दुसरं सांगतं.

तिन्ही नोडवर फाइलचा एमडी५, म्हणजे मजकुरावरून निघणारा ठसा, काढला. दोन जुळले, तिसरा वेगळा.

योग्य फाइल टाकून सर्च ॲनालायझर (शोधाचे शब्द पाडणारा भाग) रीलोड करण्याची हाक दिली. ती इंडेक्सवर एकदाच द्यायची असते, त्याचे शार्ड असलेल्या सगळ्या नोडवर ती लागू होते. नंतर रिक्वेस्ट कॅशे (आधीच्या उत्तरांचा साठा) साफ केला. दुकानाच्या स्क्रीनवर 'किती प्रकार मिळाले' हा आकडा नोंदी न मागता काढला जातो, आणि असेच शोध त्या कॅशेत बसतात. तो न पुसता जुना आकडा दिसत राहिला असता. फोन थांबले.

काम अर्धंच झालं होतं. औषधाच्या नावाला समानार्थी शब्द शोधताना लागतात, पण 'घटक' या फील्डला ते नोंद लिहितानाच लागतात. (हा जुना निर्णय; आज कोणी विचारलं तर मी नको म्हणेन.) इलॅस्टिकसर्चमध्ये प्रायमरी रेप्लिकाकडे तयार तुकडे पाठवत नाही, मूळ नोंद पाठवते, आणि तिचे शब्द प्रत्येक प्रत आपल्या नोडवर स्वतः पाडते. सकाळी रेप्लिका बसल्या तेव्हा जुन्या नोंदी प्रायमरीच्या सेगमेंट फाइली (शब्द आधीच पाडलेले तयार तुकडे) म्हणून आल्या, त्या ठीक होत्या. त्यानंतरची प्रत्येक नोंद तिसऱ्या नोडवर जुन्या यादीने फोडली जात होती. रीलोड या बाजूला हात लावत नाही.

नोड रीस्टार्ट केला की झालं, असं वाटेल. नाही. रीस्टार्टनंतर रेप्लिका प्रायमरीशी सीक्वेन्स नंबर जुळवते, सगळं जुळतं, आणि चुकीचे सेगमेंट जसेच्या तसे राहतात. शार्डचं ॲलोकेशन (नोडवरची नेमणूक) कॅन्सल करूनही हाच धोका, कारण डिस्कवरचा जुना डेटा पुन्हा वापरला जातो. फक्त सकाळनंतरच्या नोंदी अपडेट-बाय-क्वेरीने पुन्हा लिहिणं सर्वांत स्वच्छ होतं, पण जुन्या बिलिंग प्रोग्रामातून येणाऱ्या ओळींना बदलाची वेळच नसते, मग त्या निवडायच्या कशा? म्हणून रेप्लिका पुसून नव्याने बांधायच्या ठरवल्या. हे परवडलं, कारण तिसऱ्या नोडवर दोन्ही रेप्लिकाच होत्या. त्यातली एक जरी प्रायमरी असती तर चुकीचीच प्रत मूळ मानून पुढे गेली असती.

बाजार बंद झाल्यावर आधी स्नॅपशॉट (बॅकअप) घेतला, कारण रेप्लिका शून्य केल्या की तिसऱ्या शार्डची जुन्या नोडवरची निरोगी रेप्लिकाही जाते आणि काही मिनिटं प्रत्येक शार्डची एकच प्रत उरते. रीबॅलन्स (शार्डची नोडांवर आपोआप समान वाटणी) बंद केलं, नाहीतर क्लस्टर मधल्या मध्ये प्रायमरी हलवायला घेतो. मग तिसऱ्या नोडचा रीस्टार्ट, म्हणजे लिहिण्याच्या बाजूनेही नवी फाइल वाचली जाईल. रेप्लिका शून्य. इथे घाई नको: तिसऱ्या नोडवरची वापरलेली जागा खरंच उतरली का ते कॅट-ॲलोकेशनमध्ये (नोडगणिक जागेच्या तक्त्यात) पाहिलं आणि मगच रेप्लिका एक केली. नोडमागे रिकव्हरीचा, म्हणजे प्रत बांधण्याचा, वेग मुळात सेकंदाला ४० एमबी असतो. २० जीबीच्या एका शार्डला साधारण साडेआठ मिनिटं, एकाच नोडवर दोन आले तर सतरा. रिकव्हरीच्या तपशिलात 'पुन्हा वापरलेले बाइट' हा आकडा शून्य दिसायला हवा. तो शून्य होता. शेवटी 'घटक'वरचा शोध दोन्ही प्रतींकडून करून संख्या ताडली आणि रीबॅलन्स पुन्हा चालू केलं.

८.१० पासून समानार्थी यादी क्लस्टरच्या आतच ठेवता येते, पण ती शोधाच्या बाजूच्या ॲनालायझरपुरती. 'घटक'सारख्या फील्डला तिचा उपयोग नाही. म्हणून नवा नोड ॲलोकेशनमधून वगळूनच जोडला जातो आणि तिन्ही एमडी५ जुळल्याशिवाय ती बंदी उठत नाही.