अर्थिंग

नवीन घरात गेल्यावर आधी काय करायचं यावरून आमचं पहिल्याच सकाळी वाजलं. आईने फोनवर बजावलं होतं की आधी दूध उतू घालव आणि मगच सामान फोड, आणि इकडे रूममेट मोबाईलचा टॉर्च लावून भिंतीच्या कडेकडेने गुडघ्यांवर फिरतोय. मला वाटलं झुरळं बघतोय. तर प्लग मोजत होता. "तीन खोल्यांत मिळून पाच आहेत बे, त्यातले दोन टू-पिन. कसं जगायचं माणसानं?"

घर नारायण पेठेत, जुनी बिल्डिंग, दुसरा मजला, लिफ्ट नाही, १ ऑगस्टपासून अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट. घर बघायला मी एकटाच गेलो होतो, खिडक्या बघितल्या, पाणी किती वाजता येतं विचारलं, ओटा कुठपर्यंत आहे ते बघितलं, झालं. हा सोलापूरहून थेट सामानच घेऊन आला. सामान म्हणजे एक गादी, दोन बॅगा कपडे आणि सात खोकी, ज्यात ताट वाटी चमचा काहीही नाही, नुसत्या वायरी. कॉम्प्युटरचं कॅबिनेट मात्र खोक्यात नाही, सोलापुरी चादरीत गुंडाळून एसटीत मांडीवर घेऊन आला. कंडक्टरने हाफ तिकीट मागितलं नाही हे नशीब.

दूध मी उतू घातलं (गॅस पुसायलाही मीच), तोवर राउटर लागला होता. पण जुन्या विटांच्या भिंती एवढ्या जाड की वायफाय आतल्या खोलीत पोचेपर्यंत धापा टाकायचं. मग साहेबांनी केबल ओढायला काढली, बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघराच्या दारावरून आत, म्हणजे जिथे मी तोरण लावणार होतो बरोब्बर तिथून. रात्री जमिनीवर मांडी घालून केबलचं टोक सोलत होता आणि तोंडाने चालू, पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-ब्राऊन, ब्राऊन. आठ वायरी, क्रम चुकला की पुन्हा कापा. माझी आजी रामरक्षा अशाच चालीत म्हणायची, मधे बोललेलं चालायचं नाही.

खरी गंमत तिसऱ्या दिवशी. फरशी पुसत होतो, ओल्या पायाने कॅबिनेटला हात लागला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या. मी ओरडलो. तो शांतपणे टेस्टर घेऊन आला, पत्र्याला लावला, टेस्टर पेटला, आणि याच्या चेहऱ्यावर आनंद! मग मला तासभर लेक्चर. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये म्हणे दोन बारके कपॅसिटर असतात, ते गडबड करंट अर्थिंगच्या वायरीत सोडतात. अर्थिंगच नसेल तर पत्रा मधेच कुठेतरी लटकतो, २३० व्होल्टच्या निम्म्यावर. करंट अगदी किरकोळ असतो म्हणून नुसतं चावतं. मी म्हटलं अरे पण थ्री-पिन आहे की इथला प्लग. त्याने बोर्ड उघडून दाखवला. वरचं मोठं भोक होतं, त्याच्या मागे काहीच नव्हतं. वायरच नाही. इतकी वर्षं ते भोक नुसतं शोभेला!

मग तपकीर गल्लीत जाऊन हिरवी वायर आणली आणि इलेक्ट्रिशियनला बोलावलं. मीटरपाशी अर्थिंग होतं, खोल्यांपर्यंत कुणी ओढलंच नव्हतं. दोन तासांत झालं काम. जाताना तो माणूस म्हणाला, आधी हे बघायचं, मग राहायला यायचं. आई दुधाबद्दल असंच म्हणते.

घरमालक काकांचं एक प्रकरण झालं मधे. रात्री दोनला खिडकीत लाईट दिसते, एवढं बिल कसं परवडतं तुम्हाला, वगैरे. वायरिंगही त्यांच्याच घराचं, पण ते असो. याने वॅटमीटर लावून वहीत लिहूनच ठेवलं होतं: कॉम्प्युटर शंभर वॅटच्या आसपास, दहा तास चालला की एक युनिट. दोन हजार वॅटचा गीझर अर्ध्या तासात तेवढंच खातो. काका माझ्याकडे वळले. अंघोळीला अर्धा तास कुणाला लागतो हे बिल्डिंगला माहीत आहे.

दसऱ्याला आई आली. गाडीची पूजा झाली, सुरी-विळीची झाली, मग आईचं लक्ष कॅबिनेटकडे. "याचीच भाकरी खातोस ना रे, मग?" हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचा हार. हा घाबरून नुसता "काकू, जाळीवर नको, काकू, जाळीवर नको" करत मागे मागे. काकू ऐकतात होय!

रात्री अकराला आतून टर्रर्र. प्लग काढला, बाजूचा पत्रा उघडला, फॅनमध्ये झेंडूच्या चार पाकळ्या, आणि खाली तळाशी दोन तांदूळ. आई आत झोपलेली. त्याने रंगाच्या ब्रशने एकेक पाकळी बाहेर काढली, पत्रा लावला, फडकं मारलं, ते कुंकवाच्या बोटाभोवतीने वळवून मारलं.

"पुढच्या दसऱ्याला हार मॉनिटरला घालायला सांग बे काकूंना," हळू आवाजात म्हणाला.

ॲग्रीमेंट जूनमध्ये संपतंय. मी काही बोललो नाही, चहा टाकला.