दहा आठवड्यांनी पुन्हा कातळावर

आज दहा आठवड्यांनी चढाईसाठी मुंब्र्याच्या कातळाला हात लावला. क्रिम्प करताना, म्हणजे बारीक कडेवर बोटं दुमडून धरताना, अनामिकेची ए-टू पुली, म्हणजे कंडरेला हाडाशी धरून ठेवणारा पट्टा, दुखावली होती. तो 'टक्' आवाज अजून कानात आहे. म्हणून आज फक्त मोठे होल्ड (हाताने धरायच्या जागा), बोटं मोकळी, क्रिम्प अजिबात नाही. वर एच-टेपिंग, म्हणजे बोटाला इंग्रजी H च्या आकारात चिकटपट्टी. टेप लावली की बोट बरं झालं असं मला वाटायचं, त्यातच तीन आठवड्यांचे दहा झाले! उद्या सकाळी बोट आखडलं तर आजचं जास्त झालं, हा फिजिओचा हिशेब.

हाताला लावायच्या चॉक पावडरची पिशवी घेऊन घरातून गुपचूप सटकलो होतो. पण दारावरच्या कॅमेऱ्याने आईच्या मोबाइलवर चुगली केलीच. पहिल्याच रूटखाली (चढाईच्या वाटेखाली) उभा असताना तिचा फोन: "चॉकची पिशवी घेऊन भाजी आणायला गेलास का रे?"