सांधे

आत्याचं आणि संगणकाचं कधी जमलंच नाही. 2011 साली वाईला आजीचं सहस्रचंद्रदर्शन झालं आणि आठच दिवसांत आत्याचा फोन आला, "सगळ्यांनी काढलेलं शूटिंग एका सीडीवर मारून दे रे." सीडी म्हणजे डीव्हीडी. आत्याच्या लेखी चकचकीत, गोल आणि मधे भोक असलेलं जे काही असेल ते सीडीच.

मी हो म्हटलं. फायली एकामागोमाग लावायच्या आणि राइट मारायचं, त्यात काय!

मग फायली यायला लागल्या. थोरल्या काकांची मिनी डीव्हीची कॅसेट. तासाभराची कॅसेट संगणकात उतरवायला बरोबर तासभरच लागतो, आणि उतरल्यावर ती 13 जीबी जागा अडवून बसते. बहिणीच्या कॅमेऱ्यातल्या एव्हीआय फायली. भाच्याच्या जुन्या मोबाइलमधली थ्रीजीपी, अवघी 176 बाय 144 ठिपक्यांची, पोस्टाच्या तिकिटाएवढी. आणि न्यू जर्सीहून आलेल्या चुलतभावाचं चित्रण, सेकंदाला 29.97 चित्रांचं.

हा आकडा मला आजही चिडवतो. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून आपला टीव्ही सेकंदाला 25 चित्रं दाखवायचा. अमेरिकेत वीज 60 ची, म्हणून तिकडे 30. पुढे 1953 साली तिथे रंगीत टीव्हीचं गणित बसवताना रंगाचा आणि आवाजाचा संकेत एकमेकांत लुडबुडू नयेत म्हणून ती तीस चित्रं किंचित घटवली. त्या घटवलेल्या शून्य पूर्णांक तीन शतांशाचा हिशेब मी 58 वर्षांनी, रात्री दीड वाजता, डोळे चोळत निस्तरत होतो.

फायली नुसत्या जोडायच्या असतील, तर सगळ्या एकाच जातीच्या हव्यात. चित्राची लांबीरुंदी, वेग, आवाज, सगळं जुळलं तर डबे जोडल्यासारख्या त्या मिनिटाभरात जोडल्या जातात. माझ्याकडे मात्र नेरळ-माथेरानचे डबे डेक्कन क्वीनला लावायचे होते. एका फुकट सॉफ्टवेअरने सरळ नकार दिला, ते परवडलं. दुसऱ्याने गुपचूप जोडून दिलं, आणि आवाज हळूहळू चित्राच्या पुढे धावायला लागला. आजीचा "औक्षवंत हो" आधी ऐकू यायचा आणि भाऊ मागाहून नमस्काराला वाकायचा.

शेवटी डीव्हीडी फ्लिक हाती लागलं. तेही फुकटच. सगळी भरताड एका यादीत टाकायची, 'पाल' ही आपल्याकडची 25 चित्रांची टीव्ही पद्धत निवडायची आणि झोपायला जायचं. आतल्या आत एफएफएमपेग नावाचं फायलींची जात बदलणारं सॉफ्टवेअर राबत राहतं आणि प्रत्येक फाइल 720 बाय 576 च्या एमपेग-2 मध्ये, म्हणजे डीव्हीडीला चालणाऱ्या जातीत घडवतं. रात्रभर संगणकाचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरत होता.

थ्रीजीपीची क्लिप मी जवळजवळ काढूनच टाकली होती. तिकिटाएवढं चित्र टीव्हीभर ताणल्यावर माणसांचे चौकोन होतात, आणि आवाज तर विहिरीतून आल्यासारखा. तिच्या अलीकडचा-पलीकडचा सांधा काही केल्या लपत नव्हता. पण भाच्याला वाईट वाटेल म्हणून राहू दिली.

तबकडीवर लिहिलेलं असतं 4.7 जीबी, संगणक म्हणतो 4.37. तयार करणारे हजाराने मोजतात, संगणक 1024 ने. दोघेही खरं बोलतात आणि आपला शेवटचा पंगतीचा भाग बाहेर राहतो. तो बसवायला चित्राचा दर्जा थोडा उतरवला. व्हिडिओ टीएस नावाचा फोल्डर भरला. शेजारी ऑडिओ टीएस नावाचा दुसरा, कायम रिकामा. निव्वळ आवाजाच्या डीव्हीडीसाठी राखलेलं ते पान, त्यावर जेवायला सहसा कुणी येत नाही. पहिली तबकडी 16 एक्सच्या, म्हणजे सोळापट वेगाने लिहिण्याच्या घाईत वाया गेली. तिच्यावर अजून माझा चहाचा कप असतो. दुसरी 4 एक्सवर निमूट झाली.

आत्याकडे लावली. 81 दिव्यांचं ओवाळणं तिने कौतुकाने पाहिलं, काकांच्या कॅमेऱ्याला "झकास" म्हणाली. मग ती चौकोनी, अंधारी क्लिप आली. चाळीस सेकंदांची. आजी मोबाइलकडे बघून म्हणते, "पुरे ते, आधी जेवून घे. भात गार होतोय."

आत्या एकदम पुढे सरकली. "मागे घे."

तीनदा मागे घेतलं. मी चॅप्टर, म्हणजे रिमोटने थेट उडी मारायच्या खुणा, पाडले होते दर पाच मिनिटांनी, त्यामुळे नेमकी ती जागा सापडायला दर वेळी आधी गुरुजींचं अर्धं प्रवचन ऐकावं लागत होतं.

घरी येऊन तिसरी तबकडी केली. या वेळी प्रत्येक सांध्यावर चॅप्टर पाडला. आत्या डीव्हीडी लावते आणि रिमोटवरचं पुढचं बटण मोजून सात वेळा दाबते.