इसार द्यायच्या आधी

गुहागर. तुळशीची लग्नं उरकल्यानंतरचा रविवार.

पाऊस गेला, रस्ते वाळले, आता उत्तर द्यायला हवं. बोटीवरची नोकरी संपली तेव्हाच ठरवलं होतं की एक गाडी निव्वळ चालवण्याच्या आनंदासाठी घ्यायची. दोन माणसं बसतील, वर आभाळ, बाकी काही नको. बघता बघता दोनच गाड्या उरल्यात. एक पुण्यातली, भाच्याच्या ओळखीतल्या गृहस्थांची वापरलेली पोर्शे बॉक्स्टर. दुसरी खाडीपलीकडे, दापोलीकडच्या एकांची, लोटस सेव्हन या ब्रिटिश गाडीच्या घाटाची, आपल्याच देशात बनलेली जुनी उघडी गाडी. किमतीत जवळजवळ सहापटीचा फरक. बॉक्स्टर घेतली तर बरीचशी पुंजी तिच्यात जाईल, पण ती परवडते, आणि नेमकं त्यामुळेच अडलंय. परवडली नसती तर प्रश्नच नव्हता.

पोर्शेची ओढ जुनी आहे. हॅम्बुर्गला जहाज लागलं की शहरात कुठेतरी ९११ दिसायची आणि मी ती वळून दिसेनाशी होईपर्यंत फुटपाथवर उभा राहायचो. १९६३ पासून या लोकांनी इंजिन मागच्या चाकांच्याही मागे ठेवलं. वजनाच्या हिशेबाने ती जागा अवघड. तरी त्यांनी ती सोडली नाही, पिढ्यान् पिढ्या सुधारत नेली. इंजिनात हात घातलेल्या कुणालाही त्यांच्याबद्दल आदरच वाटेल. बॉक्स्टर १९९६ पासूनची, तिचं इंजिन मध्ये, सीटच्या पाठीमागे. पुण्यातली गाडी २.७ लिटरची, सहा सिलिंडर आडवे, २६५ अश्वशक्ती, वजन साधारण १३४० किलो.

मालकांनी मोठ्या मनाने दोन दिवस दिली. भाचा शेजारी, मी चाकावर, कोयनानगरवरून कुंभार्ली घाट उतरलो. गाडी अप्रतिम आहे. ब्रेकवर पाय ठेवला की ती जमिनीला चिकटून बसते, स्टिअरिंग जितकं वळवावं तितकंच वळते, खराब पॅचवरसुद्धा कुठे खडखड नाही. पण शिरगावला चहाला थांबलो तेव्हा माझ्या मनात एकच विचार होता: एवढ्या घाटात गाडीला काहीच करावं लागलं नाही. तिची ताकद मी जेमतेम पाव वापरली असेन. जास्त वापरूही नये, कारण वळणावर समोरून एसटी येते, मालाचे ट्रक येतात, कठड्यावर माकडं बसलेली असतात. माझ्या वाट्याला त्या गाडीचा जो भाग येणार तो तिचा सर्वांत शांत भाग, आणि तो तर चांगल्या सेडानमध्येही मिळतो.

घरी आल्यावर सवयीने इंजिन बघायला गेलो. मागची डिकी उघडली. दोन टोपणं, एक तेलाचं, एक कूलंटचं. डिपस्टिक नाही, तेलाची पातळी पडद्यावर वाचायची. इंजिनापर्यंत पोचायचं तर गाडी लिफ्टवर घ्या, नाहीतर वरचे पत्रे खोला. मी इंजिनरूममध्ये पंपाच्या अंगावर तळवा ठेवून त्याची तब्येत ओळखत आलो. माझ्या मालकीचं इंजिन मला दिसणारच नाही ही गोष्ट मनाला लागली. हिला सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, फ्रीजचं तरी कुठे दिसतं?" तिचं बरोबर आहे, पण फ्रीज मी हौसेने घेतला नव्हता.

सेव्हन या बाबतीत दुसऱ्या टोकाची. लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग शिकलेला. १९५७ साली त्याने ही गाडी आणली: बारीक नळ्यांचा सांगाडा, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, दोन सीटा, आणि काढून टाकता येईल ते सगळं काढलेलं. तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदीकर होता, सुट्या भागांवर नव्हता. म्हणून लोक खोकी घरी नेऊन गाडी स्वतः जोडायचे. १९७३ मध्ये तो कर जाऊन व्हॅट आला, सवलत संपली, आणि त्याच वर्षी लोटसने ही गाडी कॅटरहॅम या कंपनीच्या हवाली केली. ते अजून बनवतात. त्यांच्या १७० या मॉडेलमध्ये सुझुकीचं ६६० सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन आहे, ८४ अश्वशक्ती, आणि अख्ख्या गाडीचं वजन ४४० किलो. म्हणजे दोन बुलेट शेजारी उभ्या केल्या तर त्यांच्यापेक्षा पन्नासेक किलो जास्त. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी खुर्चीतून उठून पडवीत येरझाऱ्या घातल्या होत्या.

खरं तर खोकी मागवून इथे पडवीतच गाडी जोडायची असं मनात होतं. पण घरी जोडलेल्या गाडीला आपल्याकडे पासिंग मिळणं जवळपास अशक्य. रस्त्यावर येणाऱ्या मॉडेलचा नमुना आधी एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेकडून तपासून मंजूर व्हावा लागतो. एकट्यादुकट्याने बांधलेली एकच गाडी तपासून तिला नंबर द्यायची जी सोय ब्रिटनमध्ये आहे, ती इथे नाही. जुन्या गाडीच्या चॅसिसवर नवं अंग चढवायचं तर तेही नाही, कारण उत्पादकाने नोंदवलेल्या मूळ रचनेत मालकाला फेरफार करता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल आहे. तेव्हा कारखान्यातून रीतसर नंबर घेऊन निघालेली, हातात आरसी असलेली गाडीच शोधायची.

आणि अशा गाड्या आपल्याच किनाऱ्यावर बनल्यात, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने सेव्हनच्या घाटाची रोडस्टर बांधली, अ‍ॅम्बॅसिडरमध्ये बसायचं तेच इसुझूचं १८०० सीसीचं इंजिन घालून. गोव्यात १९९८ मध्ये सॅन स्टॉर्म निघाली, रेनोचं छोटं इंजिन घेऊन. दोन्हींची बाहेरची अंगं फायबरची. आज हर्णै-दाभोळच्या बंदरात फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे हात जागोजागी आहेत. तडा गेला तर घासायचं कुठे, चटई किती थर लावायची, रेझिन कुठल्या हवेत लवकर धरतं, हे त्यांना शिकवावं लागत नाही.

दापोलीची गाडी चिंकाराचीच. ती आधी चिऱ्याच्या ट्रकांच्या वजनकाट्यावर नेली. सातशे किलोंच्या आसपास भरली. कॅटरहॅमएवढी हलकी नाही, पण बॉक्स्टरच्या निम्मीच. म्हणजे त्याच वेगात ब्रेकना निम्मंच काम, टायरवर निम्मा भार. मग आंजर्ल्याकडे निघालो. सीट इतकी खाली की हात बाहेर सोडला तर बोटं रस्त्याला लागतील असं वाटतं. पॉवर स्टिअरिंग नाही. पुढची चाकं उघडी, डोळ्यांसमोर. खड्ड्याच्या कडेवर उजवं चाक चढलं, स्प्रिंग दबली, चाक धरणारा विशबोन वर गेला, आणि त्याच क्षणी तो धक्का तळहातात आला. आधी डोळ्यांना दिसलं, मग हाताला कळलं, मग गाडीने केलं, असं सगळं एका माळेत. पुलावरून कड्यावरच्या गणपतीच्या चढाला लागलो तेव्हा काटा साठाच्या खालीच होता आणि मला पूर्ण लक्ष द्यावं लागत होतं. दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकायचं कधी, वळणात ब्रेक सोडायचा कुठे, हे सगळं माझ्याकडे. उतरलो तेव्हा दंड भरून आले होते आणि चेहऱ्यावर मिठाचा थर. इतका खूश मी कित्येक दिवसांत झालो नव्हतो.

आता खारी हवा. या बाबतीत पोर्शे निर्विवाद वरचढ आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून ते बॉडीच्या पोलादाला जस्ताचा मुलामा देतात. समुद्राजवळ राहणाऱ्याला त्याची किंमत सांगायला नको. जस्त आधी स्वतः झिजतं आणि पोलादाला वाचवतं. जहाजाच्या बुडाला जस्ताचे ठोकळे लावतात ते त्याचसाठी. काही जण म्हणतात, तसा ठोकळा गाडीलाही लाव. त्याचा उपयोग नाही, तो पाण्यात बुडलेला असेल तरच काम करतो. सेव्हनच्या सांगाड्याला फक्त रंगाचा आधार. जिथे जिथे अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा पोलादी नळीला रिव्हेट केलेला असतो, तिथे दमट मीठ शिरलं की दोन धातूंचं भांडण सुरू होतं आणि पत्रा पांढरी पूड होऊन सुटायला लागतो. दापोलीच्या गाडीखाली टॉर्च घेऊन झोपलो. छोट्या हातोडीने नळ्या वाजवत गेलो. सगळ्या ठणठणीत, पण ड्रायव्हरच्या सीटमागच्या खालच्या आडव्या नळीचा आवाज बसका आला. नखाने रंगाचा पापुद्रा उचलला, खाली तांबडा भुगा. गाडी वर्षानुवर्षं खाडीकाठी उभी आहे, त्या मानाने हे थोडंच. तेवढा तुकडा कापून आत स्लीव्ह घालून वेल्ड करता येईल, पत्रा उचलून मध्ये नायलॉनचे वॉशर आणि पेस्ट भरता येईल. मला ते काम दिसतं, जमतं, आणि दरवर्षी आगोटीच्या तयारीत ते धरता येईल. पोर्शेला काही झालं तर फ्लॅटबेडवर घालून मुंबई.

चिपळूणच्या गॅरेजवाल्या चाचांना दोन्ही गाड्यांचं विचारलं. "साहेब, इसुझूचं इंजिन माझ्यावर सोडा, रिंग-पिस्टन डोळे मिटून बसवून देईन. जर्मन गाडीला मी हात लावणार नाही. तिला आधी कॉम्प्युटर लागतो, मग माणूस."

जीवाच्या बाजूने मात्र जुनी गाडी कमी पडते, आणि ते मी हलक्यात घेत नाही. एअरबॅग नाही, एबीएस नाही, ट्रकवाल्याच्या आरशात ती दिसेलच असं नाही. हिने स्पष्ट सांगितलं, "मी वेळणेश्वरपर्यंत बसेन, हेदवीपर्यंत बसेन, हायवेला बसणार नाही. आणि तुम्हीही जायचं नाही." मला ते पटलं. रात्री नाही, हायवे नाही, पावसाचे चार महिने नाही. एवढ्या अटी घालून गाडी कशाला, असं भाचा म्हणतो. पण मला ती सकाळी सहाला सड्यावरच्या रस्त्याला हवी आहे, जांभ्याच्या पठारावर धुकं असताना, आणि तिथे मला या अटी कुठेही आड येत नाहीत.

वाडीत काय म्हणतील हाही विचार केला. बोटीवर आयुष्य काढलेल्या माणसाने दारात पोर्शे लावली तर लोक आनंदाने बघायला येतील, फोटो काढतील, मुलांना दाखवतील. तो मान मला आवडला असता. पण मला लोकांना गाडी दाखवण्यापेक्षा तिचं बॉनेट उचलून शेजारच्या आयटीआयला जाणाऱ्या पोराला कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्यूटर, वॉटर पंप एकेक करून दाखवायला जास्त आवडेल.

तर ठरलं, दापोलीचीच. भाच्याला फोन करून पुण्याला नकार कळवायला सांगितला. तुमची गाडी उत्तम आहे, नीट सांभाळणाऱ्या माणसालाच द्या, हेही सांग म्हटलं. आता पंधरा वर्षं उलटल्यामुळे पुन्हा पासिंग आणि पर्यावरण कराचं काम आहे, ती नळी त्याच्या आधी करून घ्यावी लागेल. दापोलीकरांना इसार उद्या देणार. गाडी मात्र भरतीलाच आणायची. ओहोटीला फेरीची फळी आणि धोपावेच्या धक्क्याचा उतार यांत असा कोन पडतो की एवढ्या खालच्या गाडीचा सायलेन्सर घासणारच. उद्या भरती दुपारी आहे. त्याच्या आधी आरसीवरचा चॅसिस नंबर आणि सांगाड्यावर ठोकलेला नंबर उजेडात जुळवून बघायचा, आणि मगच पैसे काढायचे.