सिव्हिकचे मागचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवले, त्याची गोष्ट

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात गाडीची सुरक्षा तपासणी दरवर्षी करून घ्यावी लागते, आणि तिथे चाकं उतरवून ब्रेक बघतात. माझ्या १९९८ च्या होंडा सिव्हिक एलएक्सचं मागचं डावं चाक उतरवलं तेव्हा व्हील सिलिंडर (पॅडल मारलं की लायनर ड्रमवर दाबतो तो) गळत होता आणि लायनर ब्रेक ऑइलने ओले झाले होते. बॅकप्लेट, म्हणजे ड्रममागची पत्र्याची तबकडी, गंजून पापडासारखी झाली होती, बोट लावलं की तुकडा पडायचा. पिट्सबर्गला हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याचा हा प्रसाद. शिवाय मागचं चाक धरून ठेवणाऱ्या दांड्याचे, म्हणजे ट्रेलिंग आर्मचे, रबरी बुशही फाटलेले. नुसत्या लायनरवर भागणार नव्हतं, जवळजवळ सगळंच खाली उतरवायचं होतं. मग पुन्हा ड्रमच कशाला बसवायचे?

या गाडीत हा विचार अगदीच वेडेपणाचा नाही. आपल्याकडे २००६ मध्ये आली ती आठव्या पिढीची सिव्हिक. माझी सहाव्या पिढीची. अमेरिकेत होंडाचाच अ‍ॅक्युरा नावाचा ब्रँड आहे आणि त्याच्या १९९४ ते २००१ च्या इंटेग्राला मागेही डिस्क आहेत. तिचा मागचा ट्रेलिंग आर्म कॅलिपरसकट (डिस्कला पॅडने चिमटीत धरतो तो भाग) सिव्हिकच्या बोल्टांवर बसतो, चाकाचे चार बोल्टही त्याच मापात. फक्त टाइप आर मॉडेल टाळायचं, त्याला पाच बोल्ट असतात.

कोल्हापूरला काकांचं गॅरेज होतं. फोनवर त्यांना मोठ्या उत्साहाने सांगितलं, तर कॅलिपर, डिस्क वगैरेंबद्दल त्यांनी चकार शब्द विचारला नाही. म्हणाले, "ते सगळं बसंल रं. हँडब्रेकचं काय करणार हाईस?"

प्रश्न नेमका होता. ड्रमची हँडब्रेक केबल आत जाऊन लायनरचा लिव्हर ओढते, तर इंटेग्रात ती कॅलिपरवरचा लिव्हर ओढते. केबल वेगळ्याच लागतात. म्हणून भंगारवाड्यात आपले पाने घेऊन गेलो (तिथे स्वतः खोलून न्यायचं असतं), तेव्हा आर्मच्या जोडीला दोन्ही केबल आणि ब्रेकचा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हही काढून आणला. डिस्क आणि पॅड मात्र नवे घेतले. जुन्या डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, तिथवर त्या कधीच येऊन ठेपल्या होत्या. कॅलिपर दुरुस्त करून विकतात ते घेतले. जुने परत दिले की अनामत परत मिळते. बुशसुद्धा प्रेसवर नवे बसवून घेतले, कारण आर्म एकदा हातात असताना ते न करणं म्हणजे स्वतःशीच वैर.

त्या छोट्या व्हॉल्व्हकडे बरेच जण दुर्लक्ष करतात. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात. तिथे पुढच्याइतकाच दाब गेला तर मागची चाकं आधी लॉक होतील आणि गाडी फिरेल. म्हणून एका मर्यादेनंतर हा व्हॉल्व्ह मागचा दाब वाढू देत नाही, निदान पुढच्याइतका तरी नाही. आता ड्रममध्ये एक गंमत असते. फिरणारा ड्रम पुढच्या शूला (लायनर लावलेल्या कमानीला) आपल्याकडेच ओढून घेतो, त्यामुळे कमी दाबात जास्त पकड मिळते. डिस्कला तशी फुकटची मदत नाही, तिला दाब जास्त लागतो. ड्रमचा व्हॉल्व्ह तसाच ठेवला तर मागच्या डिस्क शोभेपुरत्या राहतात. डिस्कवाल्या होंडांमध्ये ४०/४० असा शिक्का असलेला व्हॉल्व्ह येतो, तो मी बसवला. इंजिनमागच्या भिंतीवर त्याला सहा पाइप जोडलेले असतात. त्यांचे नट साध्या पान्याने खोलायला गेलात तर कडा झिजल्याच समजा. नटला जवळजवळ सगळ्या बाजूंनी धरणारा फ्लेअर नटचा पाना हवाच.

नवं बसवणं सोपं होतं, जुनं सोडवण्यात जीव गेला. आर्मचे लांब बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव झाले होते. गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री मारून ठेवलं होतं. काही सुटले, एक ग्राइंडरने कापावा लागला. गाडी अर्थात जॅकवर नव्हे, स्टँडवर होती. जॅकवर उभ्या गाडीखाली शिरणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांना सरळ बाहेर काढतो.

मागच्या कॅलिपरचा पिस्टन शिकंजाने दाबून आत जात नाही. हँडब्रेकची यंत्रणा त्याच्या पोटात असते, त्यामुळे तो फिरवत आत न्यावा लागतो. जोर केला तर आतली यंत्रणा तुटते. पिस्टनच्या खाचेत पॅडच्या पाठीवरची खुंटी बसली पाहिजे, नाहीतर पॅड तिरका झिजतो.

ब्रेकच्या पाइपांतली एअर काढायला बायको सीटवर. "दाब. धरून ठेव. सोड." थोड्या वेळाने तीच मला विचारायला लागली, "धरून ठेवू का अजून, की तू झोपलास खाली?" पॅडल कडक झालं, मगच हँडब्रेकच्या केबलला हात लावला. आधी पॅडल मारून पॅड जागेवर येऊ द्यायचे आणि मग केबल ताणायची. हँडब्रेक खाली असताना कॅलिपरचा लिव्हर आपल्या थांब्याला टेकलेला हवा, नाहीतर पॅड कायम घासत राहतात.

रिकाम्या पार्किंगमध्ये पाऊस पडून गेल्यावर चाचणी घेतली. मित्र बाहेर उभा राहून कोणतं चाक आधी लॉक होतंय ते बघत होता. पुढचंच व्हायला हवं होतं, आणि झालं.

फरक किती पडला? थांबायचं अंतर जवळजवळ तेवढंच आहे. बहुतेक काम पुढचेच ब्रेक करतात आणि शेवटची मर्यादा टायरच्या पकडीची असते. लांब उतारावर पॅडल आता सैल पडत नाही, आणि पॅड बदलणं हे लायनरच्या स्प्रिंगांशी झटापट करण्यापेक्षा कितीतरी सोपं. माझे ड्रम धड असते तर हा खर्च मी केला नसता.

एका बाबतीत ड्रमच बरे होते. पिट्सबर्गमध्ये चढ भयंकर. बीचव्ह्यू भागातला कॅन्टन अव्हेन्यू तर ३७ टक्के चढाचा. ड्रमचा हँडब्रेक एकदा ओढला की विषय संपायचा. डिस्क गरम असताना हँडब्रेक लावला तर त्या थंड होऊन आकसतात आणि पकड सैल पडू शकते. त्यामुळे आता चढावर गाडी लावली की पहिला गिअर टाकतो, पुढची चाकं कडेच्या दगडाच्या उलट बाजूला वळवतो आणि लिव्हर आणखी एक दात वर ओढतो. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग मी काय विचारत हुतो?"