समासातली टिपणं

बायबलचा कागद इतका पातळ की शाईपेन त्याला सोसत नाही. म्हणून समासात लिहिणारी मंडळी बॉलपेन हलक्या हातानं चालवतात, नाहीतर पेन्सिल. जोडीला वह्या असतातच. रविवारच्या उपदेशाच्या, घरसभेतल्या शास्त्राभ्यासाच्या. हा सगळा पसारा बायबल सॉफ्टवेअरमध्ये न्यायचा म्हटलं की वाटतं, टायपिंगला किती दिवस लागतील? टायपिंग होऊन जातं हो. डोकं खातं ते प्रत्येक टिपणाचा पत्ता ठरवणं.

कागदावर टिपण जागा मिळेल तिथे बसतं. सॉफ्टवेअरला फक्त वचन कळतं, म्हणजे अध्यायातला क्रमांक दिलेला छोटा तुकडा. आपण वापरतो ते अध्याय तेराव्या शतकातले. नव्या कराराची वचनं रोबेर एस्तिएन या मुद्रकानं १५५१ साली छापली, आणि आजचं सॉफ्टवेअर त्याच आकड्यांवर चालतं. तेव्हा टायपिंगला बसण्याआधी वहीच्या प्रत्येक परिच्छेदाशेजारी पेन्सिलीनं पत्ता लिहून काढावा. टिपण आख्ख्या अध्यायावर असेल तर पहिल्या वचनाला टांगावं. ‘क्षमा’ किंवा ‘उपवास’ असं विषयवार असेल तर वचनाच्या वाटेला जाऊच नये. ई-स्वोर्ड या बायबल सॉफ्टवेअरमध्ये वचनावरची, विषयावरची आणि तारखेची अशा तीन वेगळ्या जागा आहेत. उपदेशाची टिपणं तारखेखाली टाकायचा मोह होतो, पण दोन वर्षांनी तारीख कोणाला आठवते? वचनाखाली ठेवावीत आणि पहिल्या ओळीत तारीख व वक्त्याचं नाव लिहावं. योहान १५ मधल्या द्राक्षवेलीवर लिहिताना यशया ५ मधला द्राक्षमळा येणारच. यशया ५ ला मजकुराची दुसरी प्रत ठेवू नये, ‘योहान १५:१ पाहा’ एवढंच लिहावं. नाहीतर एका ठिकाणी केलेली दुरुस्ती दुसरीकडे राहून जाते.

लोगोस या दुसऱ्या बायबल सॉफ्टवेअरमध्ये टिपण दोन तऱ्हांनी जोडता येतं, निवडलेल्या शब्दांना किंवा संदर्भाला. शब्दांना जोडलेलं टिपण त्याच भाषांतराशी बांधलं जातं. संदर्भाला जोडलेलं मात्र दुसरं भाषांतर उघडलं तरी दिसतं. जुन्या वह्यांसाठी दुसरी तऱ्हाच बरी. स्तोत्रसंहितेत एक खाचखळगा आहे. इब्री क्रमांकनात बऱ्याच स्तोत्रांचं शीर्षकही वचन म्हणून मोजतात. ‘शुद्ध हृदय’ आपल्याकडे ५१:१० ला आहे, तिकडे आणि काही कॅथलिक भाषांतरांत ५१:१२ ला. टीकाग्रंथातून उतरवलेले आकडे म्हणून तपासून घ्यावेत.

मराठीच्या खोड्या वेगळ्या. ‘३:१६’ (अध्याय ३, वचन १६) लिहिताना बोट घसरून विसर्ग पडला तर ‘३ः१६’ होतं. डोळ्यांना फरक दिसत नाही, सॉफ्टवेअरला मात्र तो संदर्भ वाटतच नाही. बहुतेक ठिकाणी आपोआप दुवा होतो तो इंग्रजी नावाचा आणि इंग्रजी आकड्यांचा. त्यामुळे मजकूर मराठीत असला तरी संदर्भ रोमन लिपीत देणं शहाणपणाचं. वहीतलं ‘यो.’ म्हणजे योहान की योएल, ‘यहे.’ (यहेज्केल) आणि ‘यहो.’ (यहोशवा) यांतलं नेमकं काय, हे ओळखायचं काम तसंही माणसाचंच. यहूदाच्या पत्रासारख्या एका अध्यायाच्या पुस्तकात ‘१:३’ असंच लिहावं. ‘दुसऱ्या’ मधला ऱ्य दोन वेगळ्या तऱ्हांनी टाइप होतो आणि शोधताना एक तऱ्हा दुसरीला ओळख देईलच असं नाही. सगळीकडे एकच कीबोर्ड वापरावा. ‘आत्मा’ शोधलं तर ‘आत्म्याने’ हाती लागत नाही, म्हणून ‘आत्म’ एवढंच शोधावं.

फोनचा कॅमेरा घाईतलं मराठी हस्ताक्षर धड वाचत नाही. शिरोरेषा तुटली, जोडाक्षर दाटलं की गोंधळ. त्यापेक्षा वही मोठ्यानं वाचून बोलतं टायपिंग करावं. विरामचिन्हं मागाहून घालावी लागतात, आणि हबक्कूक, नबुखद्नेस्सर यांचं काय होईल ते सांगता येत नाही. अशा नावांची यादी करून ती शेवटी एकदम बदलून घ्यावीत. मजकूर सॉफ्टवेअरमध्ये चिकटवताना फॉरमॅटिंग वगळून चिकटवावा, नाहीतर जुना फॉन्ट आणि आकारही सोबत येतो.

बाण, वर्तुळं, दोन रंगांच्या रेघा टाइप होत नाहीत. त्यांचे फोटोच ठेवावेत. पानाखाली काळा कागद सरकवला की मागची अक्षरं फारशी उमटत नाहीत. फोटोला पुस्तकाच्या आणि अध्यायाच्या क्रमांकानं नाव द्यावं. योहान ४३ वं पुस्तक, म्हणून ‘४३-१५’. उत्पत्ती ‘०१’, म्हणजे यादी आपोआप क्रमानं लागते.

जुनं टिपण उतरवताना सुधारू नये. आज पटत नसेल तर खाली आजची तारीख घालून नवा परिच्छेद जोडावा. आणि सुरुवात स्तोत्रसंहितेनं तर नकोच. २५ वचनांचं फिलेमोन घ्यावं, त्याचा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा, मग पुढच्या वह्यांना हात घालावा.